‘अमूल’ वाढली कशी, आणि कडेगावच्या नव्या दूध कंपनीनं त्यातून काय घ्यावं

कडेगाव तालुक्यातल्या काही गावांतले तरुण मिळून दूध उत्पादक कंपनी काढायच्या विचारात आहेत. त्यांचा प्रश्न असा: ‘अमूल’ दोन गावांच्या दुधावर सुरू झाली आणि देशभर पसरली. आपल्याकडे एवढं दूध आहे, एवढे संघ आहेत, तरी तसं का घडलं नाही? आणि आज नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं त्या वाढीतून नेमकं काय घ्यावं? सांगली जिल्ह्यात दूध संकलन आणि प्रक्रिया या कामात माझी उभी हयात गेली. हा प्रश्न मलाही बरीच वर्षं सतावतो आहे, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

आधी उत्तर सांगतो. लोकांना अमूल म्हटलं की ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी आठवते, पण ती १९६६ नंतरची. तोवर अमूलचा पाया घालून झाला होता. अमूल वाढली ती एका नियमामुळे: सभासदानं आणलेलं चांगलं दूध सकाळ-संध्याकाळ, वर्षाचे ३६५ दिवस घ्यायचं, कितीही आलं तरी परत पाठवायचं नाही. पावडर, लोणी, चीज, फेडरेशन, जाहिरात हे सगळं तो नियम पाळण्यासाठी एकामागून एक करावं लागलं. आपल्याकडे हा नियम पाळण्याचं ओझं बराच काळ सरकारनं उचललं, आणि सरकारनं हात काढून घेतल्यावर ते उचलायची सवय आपल्या संघांना राहिली नव्हती.

आता नीट क्रमानं सांगतो. १९४५ साली मुंबई सरकारनं शहराला दूध पुरवण्याची योजना आखली आणि गुजरातच्या खेडा जिल्ह्यातलं दूध गोळा करण्याचं काम पोल्सन या खासगी डेअरीकडे गेलं. दर पोल्सन आणि तिचे ठेकेदार ठरवायचे. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. त्यांचा सल्ला एकच होता, स्वतःची सहकारी संस्था काढा आणि दूध स्वतःच मुंबईला पाठवा. त्यांनी मोरारजी देसाईंना खेडा जिल्ह्यात धाडलं, ४ जानेवारी १९४६ ला समरखा गावात सभा झाली, मग पंधरा दिवस शेतकऱ्यांनी ठेकेदारांना थेंबभर दूध घातलं नाही. सरकार नमलं. १४ डिसेंबर १९४६ ला खेडा जिल्हा दूध उत्पादक संघ, म्हणजे पुढची ‘अमूल’, नोंदला गेला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. सुरुवातीचं संकलन दिवसाला अडीचशे लिटरच्या आसपास होतं. आज आपल्याकडे एखाद्या मध्यम गावातली एक संस्था एवढं दूध एका वेळेला गोळा करते.

१९४९ मध्ये वर्गीस कुरियन आणंदला आले तेच मुळात सरकारी शिष्यवृत्तीची अट फेडायला. मुदत संपल्यावर ते निघाले होते, त्रिभुवनदासांनी थांबवून घेतलं. पुढं त्यांनी अमेरिकेतल्या शिक्षणाच्या काळातले आपले मित्र हरिचंद दलाया यांना बोलावून घेतलं. तुम्ही लोक कुरियन यांचं नाव घेता, पण डेअरीतला माणूस म्हणून मी त्रिभुवनदास आणि दलाया यांची नावं त्यांच्या बरोबरीनं घेईन. एकानं गावं बांधली, दुसऱ्यानं यंत्र चालवलं, आणि कुरियन यांनी दिल्ली-मुंबई सांभाळली. तिघांपैकी एक जरी नसता तरी हे जमलं नसतं.

खरी अडचण दर हिवाळ्यात यायची. म्हशी बहुतेक करून श्रावणापासून दिवाळीपर्यंत वितात, त्यामुळे हिवाळ्यातलं दूध उन्हाळ्याच्या दुपटीहून जास्त भरतं. आपण त्याला पुष्टकाळ आणि कृशकाळ म्हणतो. मुंबईला तर बारा महिने जवळपास सारखंच दूध लागतं. मग हिवाळ्यातलं वरचं, म्हणजे गरजेपेक्षा जास्तीचं दूध कुठं न्यायचं? ते नाकारलं की शेतकरी पुन्हा ठेकेदाराच्या दारात जाणार आणि उन्हाळ्यात, गरजेच्या वेळी, तुमच्याकडे फिरकणार नाही. उपाय म्हणजे पावडर आणि लोणी करून ठेवणं. पण तेव्हा जगातले पावडरीचे कारखाने गाईच्या दुधावर चालत, आणि म्हशीच्या दुधाची पावडर होणार नाही असं परदेशी जाणकार सांगत. दलायांनी ती करून दाखवली. युनिसेफ आणि न्यूझीलंड सरकारच्या मदतीनं कारखाना उभा राहिला आणि ३१ ऑक्टोबर १९५५ ला नेहरूंच्या हस्ते सुरू झाला. माझ्या मते अमूलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस हाच. त्या दिवसापासून संघाला ‘दूध जास्त झालं’ हे कारण सांगायची गरज उरली नाही.

हे तुम्हाला का महत्त्वाचं आहे ते एका हिशेबानं सांगतो. १०० किलो गाईचं दूध घ्या, ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफचं (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). त्यातली मलई काढली तर साधारण ४.२ किलो लोणी निघतं आणि उरलेल्या दुधाची पौणेनऊ किलोच्या आसपास स्किम पावडर होते. म्हशीच्या ६ फॅट, ९ एसएनएफच्या दुधातून सव्वासात किलो लोणी आणि सव्वानऊ किलोच्या जवळ पावडर. प्लांटातली थोडी घट यात धरलेली नाही. पिशवीतून विकलं न जाणारं प्रत्येक लिटर शेवटी या दोन मालांतच जातं, म्हणून पुष्टकाळात दुधाचा खरा दर या दोघांच्या बाजारभावावर ठरतो. पावडरीचा भाव किलोला ५० रुपयांनी उतरला तर गाईच्या दुधाच्या लिटरमागे साडेचार रुपये जातात. आपल्या भागात दर एकदम पाच-सहा रुपयांनी पडतो तेव्हा लोक संघाच्या चेअरमनला नाहीतर डेअरीवाल्याला शिव्या घालतात. बऱ्याचदा मूळ दुखणं पावडरीच्या बाजारात असतं. आपल्याकडे आता संकरित गाईचं दूध जास्त आहे, आणि ते पावडरीवर जास्त अवलंबून आहे. म्हशीच्या दुधाला फॅटचा आधार असतो, लोण्या-तुपाची बाजू त्याला सावरून धरते. गोठा करतानाच ही गोष्ट डोक्यात असू द्या.

पावडरीनंतरची वाढ याच धाग्यानं चालते. ‘अमूल’ हे नाव १९५७ मध्ये नोंदवलं. मग कंडेन्स्ड मिल्क, म्हशीच्या दुधाचं बालअन्न, चीज. प्रत्येक नवा पदार्थ म्हणजे शेतकऱ्याच्या दुधाला आणखी एक वाट. गावाकडच्या बाजूलाही तेवढंच काम चालू होतं. फिरते पशुवैद्यक, कृत्रिम रेतन, आणि कांजरी इथला पशुखाद्य कारखाना, ज्याचं उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९६४ ला लाल बहादूर शास्त्रींनी केलं. शास्त्रीजी अजरपुरा नावाच्या गावात रात्रभर राहिले, लोकांशी बोलले, आणि हीच पद्धत देशभर न्यायची असं त्यांनी ठरवलं. त्यातून १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ निघालं, आणि तेही दिल्लीत न ठेवता आणंदला ठेवलं.

इथं थोडं थांबून गावातली संस्था जवळून पाहूया, कारण सगळा खेळ तिथंच जिंकला किंवा हरला जातो. पहाटे तीन लिटर दूध किटलीत घेऊन एक बाई येते. सेक्रेटरी दूध मापतो, नमुन्याची बाटली भरतो, चिठ्ठी देतो. पूर्वी फॅट काढायची ती गर्बर पद्धतीनं: ब्युटिरोमीटरच्या नळीत १० मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, नळी हाताला चटका देते, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि पिवळ्या स्तंभावर आकडा वाचायचा. आता अ‍ॅनालायझरवर मिनिटभरात फॅट-एसएनएफ येतं. यंत्र बदललं तरी त्या बाईचा प्रश्न तोच आहे, आकडा खरा आहे का? अमूलच्या गावांत सुरुवातीपासून दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. दूध सगळ्यांदेखत रांगेत मापलं जायचं, तिथं जातपात किंवा मानपान चालत नसे. आणि सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी हातात पडायचे. ज्या घरात रोख पैसा फक्त पीक विकल्यावर दिसायचा, तिथं बाईच्या हातात रोजचे पैसे आले. त्यानं जेवढी माणसं जोडली तेवढी कुठल्याही भाषणानं जोडली नसती.

पुढचा मोठा टप्पा १९७३ चा. तोवर गुजरातमध्ये मेहसाणा, साबरकांठा, बनासकांठा असे दुसरे जिल्हा संघ उभे राहिले होते आणि मुंबईच्या बाजारात ते एकमेकांचे भाव पाडतील अशी वेळ आली होती. सगळ्यांनी मिळून गुजरात सहकारी दूध विपणन महासंघ काढला आणि माल एकाच नावानं विकायचं ठरवलं. खेडा संघानं आपलं कमावलेलं ‘अमूल’ हे नाव बाकीच्यांसाठी मोकळं केलं. हा मनाचा मोठेपणा होता आणि चोख व्यवहारही. गावानं दूध गोळा करायचं, जिल्ह्यानं प्रक्रिया करायची, राज्यानं विकायचं, अशी तीन पायऱ्यांची वाटणी झाली. २०२३-२४ मध्ये या महासंघाची उलाढाल ५९,४४५ कोटी रुपये झाली, मागे १८,६०० गावं आणि ३६ लाख उत्पादक. ग्राहकाच्या रुपयातले ८० पैशांहून जास्त उत्पादकाकडे जातात असं महासंघ सांगतो. दूध धंद्यातल्या माणसाला हा आकडा उलाढालीपेक्षा जास्त बोलका वाटतो.

दुग्धविकास मंडळाच्या ‘ऑपरेशन फ्लड’ या देशभरच्या दूध योजनेबद्दल थोडक्यात. १९७० ते १९९६, तीन टप्पे. युरोपकडून आलेली फुकटची पावडर आणि बटर ऑईल बाजारात स्वस्तात ओतलं असतं तर इथला शेतकरी मेला असता. मंडळानं ते शहरातल्या डेअऱ्यांना भावानं दिलं, त्याचं दूध करून विकलं, आणि त्या पैशातून शीतकरण केंद्रं, टँकर, प्रक्रिया केंद्रं उभी केली. शेवटी देशात ७२ हजारांवर गाव संस्था आणि १७० संघ झाले. १९५०-५१ मध्ये देशाचं दूध १.७ कोटी टन होतं, १९९८ मध्ये भारत जगात पहिला झाला, आणि २०२३-२४ मध्ये आकडा २३.९ कोटी टनांवर गेला. ही सगळी वाढ सहकाराची नाही, खासगी डेअऱ्या आणि घरोघरचे रतीबही त्यात आहेत. पण दिशा आणंदनं दाखवली.

आता आपल्याकडचं. आपण मागे होतो असं समजू नका. भिलवडीला कृष्णाकाठी चितळ्यांनी १९३९ मध्ये दूध धंदा सुरू केला, म्हणजे खेडा संघाच्याही आधी. त्यांनी एक शहाणपण दाखवलं: रेल्वेच्या मार्गावरचं गाव निवडलं, मुलाला पुण्यात विक्रीला बसवलं, म्हणजे दूध गोळा करणारा आणि विकणारा एकाच घरातले. शेजारी कोल्हापुरात १९६३ ला ‘गोकुळ’ उभं राहिलं आणि म्हशीच्या दुधाच्या जोरावर मुंबईत पाय रोवून बसलं. महाराष्ट्राचा दूध महासंघ तर १९६७ चा, गुजरातच्या सहा वर्षं आधीचा. तरी गाडी अडली कुठं?

माझं मत स्पष्ट आहे. मुंबईसाठी राज्य सरकारनं शासकीय दूध योजना उभ्या केल्या. मिरजेला सरकारी डेअरी झाली. दर सरकार जाहीर करायचं, दूध सरकार घ्यायचं, मुंबईत ‘आरे’च्या केंद्रावर सरकार विकायचं. शेतकऱ्याला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं, त्या काळात ते फार मोलाचं होतं आणि त्यावर आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली पोरं शिकली. पण संघ मात्र नुसते गोळा करणारे राहिले. गिऱ्हाईक कोण, त्याला काय आवडतं, वरच्या दुधाचं काय करायचं, हे प्रश्न त्यांच्या दारात कधी आलेच नाहीत. १९९१ नंतर परवाने उठले, खासगी डेअऱ्या आल्या, सरकारी योजना आटत गेल्या, आणि एका झटक्यात प्रत्येक संघाला बाजारात उभं राहावं लागलं. मग ज्यानं त्यानं आपापल्या नावाची दुधाची पिशवी काढली. पुण्या-मुंबईच्या एकाच दुकानात आपल्याच जिल्ह्यांची चार-पाच नावं एकमेकांशी भांडायला लागली, दुकानदाराचं कमिशन वाढलं आणि ते शेतकऱ्याच्या दरातून गेलं. महासंघ होता, ‘महानंद’ हे नाव होतं, पण मोठ्या संघांनी आपलं नाव त्यात विरघळू दिलं नाही. २०२४ मध्ये महानंदचा कारभार शेवटी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे द्यावा लागला. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण चांगली माणसं त्यात होती.

राजकारण गुजरातच्या संघांतही आहे, त्यामुळे ‘आपल्याकडे राजकारण, तिकडे नाही’ असं सोपं उत्तर मी देणार नाही. फरक एवढाच की तिथं निवडून आलेला अध्यक्ष दुधाच्या दर्जाच्या आणि विक्रीच्या कामात सहसा हात घालत नसे, ते पगारी जाणकारांवर सोपवलेलं असे. त्रिभुवनदास आणि कुरियन यांच्यातली ही वाटणी खाली पुढच्या पिढ्यांत झिरपली.

आपल्या जिल्ह्यात मी ज्या एका संघाचं काम जवळून पाहिलं, तिथं डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळचं दूध अधूनमधून बंद ठेवत. कारण खरं होतं, टाक्या भरलेल्या असत. पण म्हैस काही संचालक मंडळाचा ठराव वाचून आटत नाही. सभासद ते दूध गवळ्याला पडत्या भावानं घालायचे, गवळी उचल द्यायचा, आणि मार्च उजाडला की दूध त्या उचलीत अडकलेलं असायचं. संघाला उन्हाळ्यात टँकर अर्धे यायचे. दोन-तीन वर्षांत चांगल्या संस्था फुटल्या. समरखाची सभा ज्या दुखण्यावर झाली होती तेच दुखणं आपण आपल्या हातानं परत आणलं.

तर तुमच्या कंपनीबद्दल. कायद्याच्या बाजूनं मार्ग चांगला आहे. २००२ च्या दुरुस्तीनं उत्पादक कंपनीची सोय झाली, त्यात सभासद उत्पादकच असतो आणि भागभांडवल कितीही असलं तरी माणशी एक मत. दुग्धविकास मंडळाच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या दूध उत्पादक कंपन्या, सौराष्ट्रातली ‘माही’, राजस्थानातली ‘पायस’, तिरुपतीची पूर्ण महिलांची ‘श्रीजा’, यांचे नियम मागवून वाचा. त्यांच्यात सभासदानं वर्षात किमान किती दिवस दूध घातलं आणि उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या दुधाचं प्रमाण काय, याला वजन आहे. हिवाळ्यात लोटायचं आणि उन्हाळ्यात दुसरीकडे पळायचं, अशाला तिथं मोकळं रान नाही. हा नियम पोटनियमात पहिल्या दिवसापासून घाला. नंतर घालू म्हणाल तर कोणी घालू देणार नाही.

पैशाचा अंदाज आधी बांधा. दिवसाला ५,००० लिटर आणि ३५ रुपये दर धरला तर रोजचे पौणेदोन लाख. शेतकऱ्याला दर दहा दिवसांनी बिल द्यायचं आणि मोठा खरेदीदार तुम्हाला महिन्यानं देणार, म्हणजे सरासरी वीस दिवसांचे पैसे, सुमारे ३५ लाख, कायम तुमच्या खिशातून अडकलेले राहणार. नव्या कंपन्या दुधाच्या टंचाईनं कमी बुडतात, या अडकलेल्या पैशानं जास्त बुडतात. दहा दिवसांचं बिल एकदा चुकलं की तिसऱ्या बिलाच्या आत माणसं दुसऱ्या रांगेत दिसतात. दिवाळीचा फरक (वर्षाच्या दुधावर शेवटी मिळणारी जादा रक्कम) कमी-जास्त झालेला लोक समजून घेतात, बिल चुकलेलं समजून घेत नाहीत.

तपासणीत हयगय नको. अ‍ॅनालायझर आठवड्याला एकदा गर्बरशी ताडून पाहा आणि तो ताळा फळ्यावर लिहा. शंका आली तर सभासदाला त्याच्या नमुन्याची दुसरी तपासणी समोर करून द्या. बल्क कूलर (गोळा झालेलं दूध तिथंच थंड करणारी टाकी) घेताना जनरेटर त्याच अंदाजपत्रकात धरा. काढल्यावर दोन-तीन तासांत दूध ४ अंशांवर यायला हवं आणि आपल्या भागात लोडशेडिंग नेमकं संकलनाच्या वेळेला गाठतं. जनावराच्या बाजूला, नुसत्या उसाच्या वाड्यावर (शेंड्याकडच्या पाल्यावर) फॅट-एसएनएफ टिकत नाही. कडवळ, मका, मुरघास आणि खनिज मिश्रण याचा सल्ला देणारा माणूस कंपनीच्या पगारावर ठेवा. दुधाचा दर एक रुपयानं वाढवण्यापेक्षा दोन वेतांतलं अंतर कमी करणं शेतकऱ्याला जास्त देऊन जातं, आणि ते काम बाहेरचा कोणी तुमच्यासाठी करणार नाही.

पिशवीबद्दल माझं ऐका, पहिली काही वर्षं स्वतःचं नाव काढू नका. कराड-सांगली पट्ट्यात आधीच नावांची गर्दी आहे आणि पिशवीचा खर्च तुमच्या आकाराला झेपणार नाही. त्याऐवजी दोन ठिकाणी पक्का पुरवठा बांधा, एकावर अवलंबून राहू नका. आणि सगळ्यात आधी, पहिला लिटर गोळा करण्याच्याही आधी, हिवाळ्यातलं वरचं दूध पावडरीत आणि लोण्यात करून देणाऱ्या प्लांटशी जॉबवर्कचा लेखी करार करा. त्यात तीन कलमं नीट लिहून घ्या: तयार पावडर आणि लोणी कोणाच्या मालकीचं राहणार, गोदाम आणि शीतगृहाचं भाडं कोण भरणार, आणि टँकर फाटकावर आल्यापासून किती तासांत खाली करून घेणार. हे जूनमध्ये, दूध कमी असताना ठरवायला बसा. तेव्हा प्लांटवाल्याला तुमची गरज असते आणि दर चांगला मिळतो.